हिरव्या टिकलीचा डबा

उपाशी राहणाऱ्या मुलीला मी आदर्श आहाराचं पहिलं बक्षीस दिलं होतं. प्रमाणपत्र, टाळ्या, फोटो, सगळं यथासांग. फोटोत मी त्या मुलीपेक्षा जास्त हसते आहे. इरकल साडी, अंबाड्यावर गजरा आणि चेहऱ्यावर समाजाचं भलं केल्याचं तेज. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे. आपण केवढं मोठं गाढव होतो याचा पुरावा घरात असलेला बरा. नातीसमोर फार शहाणपणा करावासा वाटला की मी तो काढून बघते आणि मग गप्प बसते. म्हणजे थोडा वेळ.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते आणि कर्वेनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवून शिकवून पर्यवेक्षिका झाले होते. पर्यवेक्षिका झालं की शिकवणं कमी होतं आणि व्हरांड्यातून हात मागे बांधून फिरणं वाढतं. आता बहात्तर पूर्ण झाली. दोन्ही गुडघे नवे आहेत, दातही बरेचसे नवे आहेत. जुनं काय ते एवढंच उरलंय, तेव्हा सांगून टाकते. पण हे लिहायला बसले ते माझ्यासाठी नाही. मला वेळेवर सांगणारी एक बाई होती. तिच्यासाठी.

त्या कार्यानुभव शिकवायच्या. हा विषय वेळापत्रकात असतो, शाळेत नसतो. गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी कार्यानुभवाच्या तासाचा. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. तास मागायला आलेल्या गणिताच्या सरांना म्हणायच्या, "घ्या ना, घ्या. फक्त भागाकार सुरू करण्याआधी विचारा, सकाळी काय खाऊन आलात म्हणून. अर्धी गणितं तिथंच सुटतील."

येरवड्याहून दोन बस बदलून यायच्या. वडील तिथल्या तुरुंगाच्या छापखान्यात नोकरीला होते. त्यावरून आमच्या शिक्षकखोलीत दर वर्षी जूनमध्ये एक विनोद व्हायचा. नव्या सरांना कुणीतरी सांगायचं, "या आपल्या बाई, येरवड्याहून सुटून आल्यात." बाई शांतपणे म्हणायच्या, "हो, चांगल्या वागणुकीबद्दल. तुमचं काय, काही लक्षण दिसतंय का?"

त्यांच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा असे. मधल्या सुट्टीत त्या नववी-दहावीच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायच्या आणि ज्याचा डबा उघडा दिसेल त्याला म्हणायच्या, "घास दे." एक चमचा, त्याहून जास्त नाही. त्यांच्या रुमालात नेहमी एक भाकरीचा नाहीतर वडीचा तुकडा असायचा, तो बदल्यात द्यायच्या. कुणाला पौष्टिक वगैरे शब्द त्यांनी ऐकवल्याचं मला आठवत नाही. एखाद्याला म्हणायच्या, "आज भाजीत मीठच नाही. आईबाबांचं वाजलं का रे?" मुलगा लाजून मान डोलवायचा. घराघरांतल्या भानगडी त्यांना चमच्यातून कळायच्या. आम्हाला त्या पालकसभेतही कळत नसत.

त्यांच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप नव्हतं. आत एक मोठा डबा, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. कुणीही जावं, मूठभर घ्यावं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, मुलं फुकटचं म्हणून खातील." त्या म्हणाल्या, "शेंगदाणे आणि गूळ? चौदाव्या वर्षी? भुकेशिवाय कोण हात लावतंय त्याला!"

तासाला पहिलं काम ठरलेलं. प्रत्येकाने वहीत लिहायचं, आज काय खाल्लं. पोरं खरं लिहायची. 'चहा-खारी.' 'कालची पोळी, साखर.' 'काही नाही, उशिरा उठलो.' मी एकदा त्या वह्या चाळल्या आणि हादरले. म्हटलं, "यावर तुम्ही शेरे नाही मारले?" त्या म्हणाल्या, "शेरा मारला की पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या घरी पालकाचं सूप व्हायला लागेल." मला वाटलं, किती ही अनास्था! मी अशा वेळी ओठ मुडपून बघायची. ओठ मुडपण्यात त्या काळी माझा हात कुणी धरला नसता.

वर्गातून परतल्या की शिक्षकखोलीत त्या माझ्या शेजारी जेवायला बसायच्या. ही जागा त्यांनी निवडली की त्यांच्या वाट्याला आली, कोण जाणे. आमच्याकडे डबे फिरायचे. ज्याला जे हवं ते घ्यावं. त्यांच्या डब्यात बहुतेक दिवस ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्यातलं वांगं असायचं. झाकण उघडलं की त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. त्या डबा माझ्याकडे सरकवायच्या आणि मी म्हणायची, "नको हो, आज चतुर्थी." कधी म्हणायची, "पित्त झालंय." कधी, "तिखट सोसत नाही," आणि पाचच मिनिटांनी चित्रकलेच्या बाईंच्या डब्यातला ठेचा पोळीला लावून खायची. काहीच सुचलं नाही की, "पोट भरलंय." त्या "बरं" म्हणून डबा मागे घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवायच्या. एकदा मी एकाच आठवड्यात दोन चतुर्थ्या केल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं पंचांग वेगळं असतं वाटतं."

त्या बौद्ध होत्या. आजोबांनी दीक्षा घेतली हे त्या सहज सांगायच्या, आपण कुलदैवत सांगतो तसं. सदाशिव पेठेत, माझ्या माहेरी, या बाबतीत कुणी कधी वाईट शब्द काढला नाही. काढावाच लागला नाही. घासच घशाखाली उतरत नसला तर शब्द कशाला लागतात? आणि मी शाळेत समतेवरच्या निबंधस्पर्धेची परीक्षक असायची. दर वर्षी.

तर त्या वर्षी आहाराचं वारं आलं. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि माझ्या अंगात संचारलं. फाटकासमोरचा वडापाववाला मी चौकापर्यंत हटवला. भिंतींवर चौरस आहाराची चित्रं लावली. प्रत्येक वर्गात आहार-तक्ता टांगला: डावीकडे मुलांची नावं, वर तारखा. त्यावर चिकटवायला तुळशीबागेतून टिकल्यांची पाकिटं आणली, हिरवी आणि लाल. प्रार्थना झाली की वर्गप्रमुखांनी सगळ्यांचे डबे उघडून बघायचे. भाजी-पोळी, उसळ, फळ असेल तर हिरवी टिकली. ब्रेड, खारी, वेफर्स, झटपट शेवया असतील तर लाल. टिकल्या आणायला गेले त्याच दिवशी मी कोपऱ्यावर उभी राहून दोन गरम पॅटिस खाल्ले. त्याची टिकली कुठेच लागली नाही.

बाई तक्ता बघायला आल्या. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी तो वाचला.

"टिकल्या लावायच्याच असतील," त्या म्हणाल्या, "तर मधली सुट्टी संपल्यावर लावा."

"अहो, तेव्हा डब्यात काय असणार?"

"तेच बघायचं असतं. सकाळचा भरलेला डबा घरच्यांचा. मुलाचं काय ते उरलेल्यात दिसतं."

मी हसले. हे त्यांचं नेहमीचं तिरपागडं, असं वाटलं. ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

नववी ब मध्ये एक मुलगी होती. खरं नाव लिहीत नाही, सायली म्हणू. गुटगुटीत, गालाला खळी, हसली की शेजारचा वर्ग डोकावायचा. आई सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने चाकणला जायची, वडील बाहेरगावी. डबा सायली स्वतःच भरायची आणि चौदा वर्षांची मुलगी स्वतःचा डबा जसा भरेल तसाच भरायची: ब्रेड-जॅम नाहीतर खारी. पहिल्या तीन दिवसांत तीन लाल टिकल्या. चौथ्या दिवशी मी स्वतः तपासणीला गेले. डबा हातात घेऊन वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "आणखी एक लाल! आणि तुला तर बाळ, सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं."

'तुला तर' म्हणताना मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. वर्ग हसला. मीही हसले. शिक्षकाच्या विनोदाला वर्ग हसला की शिक्षकाला फार बरं वाटतं.

पुढच्या सोमवारपासून सायलीच्या नावापुढे हिरवी टिकली लागली. मंगळवारी हिरवी, बुधवारी हिरवी. काकडीच्या चकत्या, मोड आलेले मूग, अर्धं सफरचंद. गणपती झाले, नवरात्र झालं, तिची ओळ हिरवीगार. मी दुसऱ्या वर्गातल्या मुलींना ती ओळ दाखवायला आणायची. सायली बारीक झाली. सगळ्यांनी कौतुक केलं. मी तर व्हरांड्यात थांबवून म्हटलं, "बघ, जमलं की नाही?" ती हसली. खळी दिसली नाही. गाल आत गेला होता, मला वाटलं, चेहरा रेखीव झाला.

दिवाळीनंतर बाई माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्याच राहिल्या.

"नववी ब मधली ती मुलगी जेवत नाही हो."

"सायली? अहो, तिचा डबा बघा! सगळ्या शाळेत असा डबा नाही."

"बघितला. सकाळीही बघितला, सुट्टी संपतानाही बघितला. तसाच होता. मग तिने तो शेजारणीला देऊन टाकला. मी घास मागितला तर डबाच पुढे केला, म्हणाली, 'बाई, सगळाच घ्या, माझं पोट भरलंय.' काल म्हणाली, उपास आहे. परवा म्हणाली, पित्त झालंय."

"या वयात मुली थोडं कमी खातात."

"थोडं कमी नाही. तिला भूक आहे आणि ती नाही म्हणते. तिच्या आईला बोलवा."

मी जे उत्तर दिलं ते आजही तोंडात कडू लागतं. म्हणाले, "बाई, तुम्ही कार्यानुभव बघा. आहाराचं मी बघते."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मग त्यांनी स्वतःच सायलीच्या आईला फोन केला. आईने मला फोन केला, काळजीने, की हे काय ऐकते आहे. आणि मी त्या माउलीला सांगितलं, "छे हो, त्या बाई जरा विक्षिप्त आहेत. तुमची मुलगी आमच्या तक्त्यात पहिली आहे." आई किती सुटकेने हसली! ते हसू मला फोनवर ऐकू आलं होतं.

त्याच सुमारास एका पालकाची तक्रार आली. बाई आमच्या मुलाच्या डब्यात चमचा घालतात, हे बरोबर दिसत नाही. का दिसत नाही हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ते न विचारता कळत होतं. मी सूचना काढली: आरोग्याच्या कारणास्तव शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या डब्यातील पदार्थ घेऊ नयेत. आरोग्याच्या कारणास्तव! बाईंनी सूचना वाचली, सही केली, चमचा रुमालात गुंडाळला.

"ठीक आहे," म्हणाल्या. "मग आता मधल्या सुट्टीत तुम्ही बसत जा वर्गात. कुणीतरी बसायला हवं."

मी एकही दिवस बसले नाही. मला त्या वेळात टिकल्यांची बेरीज करायची असायची.

डिसेंबरात स्नेहसंमेलन झालं. मंचावर सायलीला प्रमाणपत्र देताना तिचा हात माझ्या हातात आला. बर्फासारखा गार. मी माइकवर म्हणाले, "घाबरली आहे आमची गुणी मुलगी." लोक हसले, टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर कपाटातला तो शेंगदाणे-गुळाचा डबा होता. सायली पायऱ्या उतरली तेव्हा त्या उठल्या आणि डबा उघडून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "नको बाई, थँक यू," आणि प्रमाणपत्र छातीशी धरून पुढे गेली. मी वरून हे बघितलं आणि मनात म्हटलं, समारंभात शेंगदाणे! काय बाई आहे.

जानेवारीत कवायतीच्या मैदानावर सायली पडली.

बाईंनी रिक्षा थांबवली, तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मी मागून गेले. जाताना, आता हसू नका, फळांची परडी घेतली. सफरचंद, मोसंबी, किवी. आयुष्यात इतकं मूर्ख मी कधी दिसले नसेन. डॉक्टर म्हणाले, हृदयावर परिणाम झाला आहे, महिनोन्‌महिने ही मुलगी जवळजवळ काही खात नसणार. आई चाकणहून तशीच गळ्यात ओळखपत्र अडकवून धावत आली होती. तिने परडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही रोज डबा तपासत होतात ना?"

हो, रोज तपासत होतो.

सायली त्या शाळेत परत आली नाही. तिची आई मला दोन वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानात भेटली. मी विचारलं, कशी आहे. "बरी आहे," आई म्हणाली. मग, "बरी म्हणजे... आहे." मुलगी आता तिशीची आहे. अजून ताटातला भात चमच्याने मोजते. मध्ये दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी पाहुणे आले की ती स्वयंपाक फार सुंदर करते, सगळ्यांना आग्रह करकरून वाढते, आणि सगळ्यांची पानं उठली की बसते, कुणी बघायला नसतं तेव्हा. आईने एवढं सांगितलं आणि बिल द्यायला वळली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला काही उत्तर तरी शोधावं लागलं असतं.

बाई त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. त्यांच्या खोलीत संगणक आले. संगणकांना कुलूप लागतं, म्हणून कपाटालाही लागलं. मागच्या वर्षी त्या गेल्या, असं मला एका जुन्या शिक्षिकेकडून कळलं, तेही दहा दिवस उलटून गेल्यावर. मी रिक्षाने येरवड्याला जायला निघाले होते. मग वाटेतूनच परत फिरले. जाऊन कुणाला काय सांगणार होते? त्यांच्या घरी मी कधी पाणीही प्यायले नव्हते.

तक्ता मात्र आहे. माझी नात चौदाची आहे, तिच्या शाळेत आता रोज डब्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा असतो. ज्याच्या डब्यात जास्त रंग त्याला स्टार. टिकली गेली, स्टार आला. नात फोटो काढते तेव्हा डबा इतका देखणा असतो की मला गजरा माळावासा वाटतो. "खाल्लास का गं?" मी विचारते. "आजी, प्लीज! डोन्ट स्टार्ट." मी स्टार्ट करत नाही. मी दुपारी तिचा डबा घासायला घेते, कामवालीच्या आधी. कधी रिकामा असतो. कधी धुतलेला असतो. धुतलेला डबा दिसला की मी झाकण काढून वास घेऊन बघते. एकदा चमचा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले, "घास दे," म्हटलं. तिने फोनमधून डोकं न काढता सगळी ताटलीच माझ्याकडे सरकवली. काय बघायचं ते मला आता कळतं. बघितल्यावर काय करायचं, ते ज्यांना माहीत होतं त्यांना विचारायची सोय राहिली नाही.

आणि त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना विचारलं होतं. आत सायलीला सलाईन लावलं होतं, आई तिच्याजवळ होती. आम्ही दोघी बाकावर, मध्ये माझी फळांची परडी. तीन वाजून गेले असतील. सकाळपासून मी एका चहावर होते. बाईंनी पर्समधून डबा काढला, मांडीवर ठेवून उघडला. भाकरी आणि काळ्या मसाल्यातलं वांगं. तोच वास. त्या जेवायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला नाही.

मी म्हणाले, "एवढे आम्ही सगळे तिच्याकडे रोज बघत होतो. तुम्हालाच कसं कळलं हो?"

त्यांनी घास संपवला. चमचा रुमालाने पुसला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"अहो बाई, अठरा वर्षं तुमच्या शेजारी बसून जेवतेय मी. भूक असून नको म्हणणारं माणूस मला लांबूनही ओळखू येतं."